नुसतं बघायचे तीनशे?

"साहेब, बघायचे तीनशे होतील. काम निघालं तर त्याचे वेगळे."

मुलुंडच्या एका गल्लीतल्या गॅरेजमध्ये हे वाक्य ऐकलं आणि माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते आधीच लिहून टाकतो. म्हणजे पुढे मी दुसऱ्यांच्या नावाने ओरडेन तेव्हा हिशोब सरळ राहील. मी म्हणालो, "नुसतं बघायचे तीनशे?"

हे कोण म्हणतंय? तर ज्याच्या 'नुसतं बघण्याचे' त्याची कंपनी क्लायंटला तासावर डॉलर लावते तो. वर त्या क्षणापर्यंत मी गाडीवर १९,४०० रुपये घालवून बसलो होतो आणि ते सगळे कोणीही काहीही न बघता केलेल्या कामांचे होते. त्या १९,४०० ना मी एकदाही "नुसतं" म्हणालो नव्हतो. तीनशेला म्हणालो.

तर आज भांडण या "नुसतं" शब्दाशी आहे.

गाडी ऑक्टोबर २०१० ची. छोटी पेट्रोल हॅचबॅक. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नाही, वयाचा आहे. रोजचा रस्ता मुलुंड ते सीप्झ: ईस्टर्न एक्सप्रेस हायवे, मग जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड. मे २०२५ च्या अखेरीस पावसाळा लागला आणि गाडी झटके द्यायला लागली. रोज नाही. कधी दोन दिवस लागोपाठ, कधी आठवडाभर काहीच नाही. सोबत बॉनेटखालून एक बारीक टक्-टक्-टक्. आणि झटका बसला की पायाखाली धप्प.

सुरुवातीला आपण सगळे करतो तेच केलं. रेडिओचा आवाज वाढवला.

मग जुलैतल्या एका संध्याकाळी, धो धो पावसात, गांधीनगरच्या फ्लायओव्हरवर चढताना तिसऱ्या गिअरमध्ये गाडीने असे काही आचके दिले की वेग पंधरावर आला. मागे डंपर. आई मागच्या सीटवर, नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली, डोळ्यावर काळा चष्मा. डंपरवाल्याने हॉर्न दाबून धरला तो सोडलाच नाही. आई एवढंच म्हणाली, "काय झालं रे?" मला उत्तर देता आलं नाही. डंपर थांबला म्हणून हे लिहितोय.

दुसऱ्या दिवशी ऑफिसजवळचं गॅरेज गाठलं. मी "झटके मारते आणि टक्-टक् येतं" एवढं म्हणेपर्यंत तिथला माणूस म्हणाला, "पेट्रोल पंप गेला असणार. आवाज टॅपेटचा." पंप बदलला, ६,८०० रुपये. टॅपेट सेटिंग १,२००. चार दिवस कोरडे गेले, गाडी मस्त चालली. मी गॅरेजवाल्याला व्हॉट्सअॅपवर अंगठासुद्धा पाठवला. पाचव्या दिवशी पाऊस आला, झटके परत.

मग म्हटलं छोट्या गॅरेजच्या नादी लागायलाच नको, मोठ्या वर्कशॉपमध्ये जाऊ. एसी वेटिंग रूम, कॉफीचं मशीन, इस्त्रीच्या शर्टातला सर्व्हिस अॅडव्हायझर. त्यांनी स्कॅनर लावला. कोड निघाला: पी०१७१, म्हणजे मिश्रण पातळ आहे, पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. "सर, ऑक्सिजन सेन्सर गेलाय." सेन्सर ७,४००. थ्रॉटल बॉडी साफ केली, १,१००. वर डीकार्बनायझिंगचं पॅकेज, २,९००. झटके तसेच.

तिसरीकडे सांगितलं क्लच. अकरा हजारांचं एस्टिमेट. तिथे मात्र मी गाडी परत फिरवली, शहाणपणाने नव्हे, पैसे संपले म्हणून.

या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान होती. कोणीही मला एकही प्रश्न विचारला नाही. कधी होतं? कुठल्या गिअरला? चढावर की सपाटीला? पाऊस असताना की नसताना? आमच्याकडे एखाद्या ज्युनिअरने बग रिपोर्ट न वाचता कोड बदलायला घेतला तर त्याला आम्ही फाडून खातो. इथे मी स्वतः क्लायंट असून गप्प बसलो, कारण समोरचा माणूस आत्मविश्वासाने बोलत होता. आणि आत्मविश्वास फुकट होता!

एवढ्यात आजूबाजूचे तज्ज्ञही जमले. पहिला पक्ष 'विकून टाक' वाल्यांचा. "पंधरा वर्षं होतील आता, भंगारात जाणारच." हा दिल्लीच्या बातम्या वाचून झालेला गैरसमज. आपल्याकडे पंधरा वर्षांनी गाडी तपासून पाच वर्षांसाठी पुनर्नोंदणी करता येते. ती फुकट नाही: एप्रिल २०२२ पासून केंद्राने मोटारीची फी ६०० वरून ५,००० केली, ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना १०,००० केली, आणि राज्याचा पर्यावरण कर वेगळा. पण महाग होणं आणि बंदी असणं यात फरक आहे. बरं, विकून टाकणं हे निदान आहे का? सर्व्हर हँग होतो म्हणून ऑफिस विकून टाकण्यासारखंच ते. आणि विकली तरी ते झटके कोणाच्यातरी पदरात जाणारच. त्याच्याही मागे डंपर असेल.

दुसरा पक्ष ई२० वाल्यांचा. २०२५ मध्ये देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं, जे आधी २०३० पर्यंत यायचं होतं. तेव्हापासून गाडीचं काहीही बिघडलं की उत्तर तयार: "ई२० चा परिणाम." काही वर्षांपूर्वी घरातला कॉम्प्युटर बंद पडला की शेजारचे काका "व्हायरस आला असेल" म्हणायचे तसं. मी ई२० चा वकील नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलंय की जुन्या धाटणीच्या चारचाकींचं मायलेज त्याने सहा-सात टक्के पडेल. जुन्या गाडीतले रबरी होज आणि सील इथेनॉलसाठी बनलेले नाहीत, ही काळजीही खरी आहे. पण माझ्या प्रश्नाला ते उत्तर नव्हतं. पेट्रोल सोमवारी आणि मंगळवारी सारखंच होतं. सोमवारी ऊन होतं आणि गाडी नीट होती. मंगळवारी पाऊस होता आणि गाडी झटके देत होती.

हे मला कसं कळलं? शेवटी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं म्हणून. वही घेतली आणि तीन आठवडे लिहून काढलं. तारीख, जागा, गिअर, इंजिन गार की गरम, हवा कशी. अकरा नोंदी झाल्या. अकरापैकी नऊ पावसात किंवा पाऊस नुकताच थांबल्यावर. अकराच्या अकरा चढावर किंवा जोरात पिकअप घेताना. उभ्या गाडीत एकदाही नाही. म्हणजे गॅरेजमध्ये बॉनेट उघडून उभं राहिलं की सगळं ठीक. आमच्या धंद्यात याला 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणतात. :-)

वही घेऊन मुलुंडच्या त्या गॅरेजला गेलो. मालक सत्तरीचे, सगळे त्यांना मामा म्हणतात. शिकले फियाटवर. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीचा कारखाना इथे कुर्ल्याला होता, तिथेच फियाट आणि नंतर पद्मिनी बनायची. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये, वीस वर्षांची मुदत संपल्यावर रस्त्यावरून गेली. त्या गाड्यांवर या उपनगरांतले किती मेकॅनिक तयार झाले याची गणतीच नाही.

तीनशे ऐकून माझं जे व्हायचं ते झालं. मामांनी वाद घातला नाही. वही मात्र मागून घेतली आणि चष्मा लावून पूर्ण वाचली. पूर्ण! मग दोनच गोष्टी विचारल्या. "झटका बसतो तेव्हा रेस वाढते आणि गाडी मागे राहते, की दोन्ही एकदम अडखळतात?" मी म्हटलं दोन्ही. "मग क्लच नाही. क्लच घसरला तर इंजिन पळतं, गाडी पळत नाही." दुसरा प्रश्न: "प्लग कोणी काढून बघितले?" कोणीच नाही. "रात्री नऊनंतर या. अंधार पाहिजे."

रात्री गेलो. गल्लीतला बल्ब बंद केला, बॉनेट उघडलं, इंजिन चालू. मामांनी इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर पाणी मारतो तशी स्प्रेची बाटली घेतली आणि प्लगच्या वायरींवर धुक्यासारखं पाणी उडवलं. पोराला रेस द्यायला सांगितली. तिसऱ्या वायरीवरून इंजिनच्या अंगावर निळी ठिणगी उडाली. परत उडाली. आणि प्रत्येक ठिणगीबरोबर: टक्. टक्. टक्.

ज्याला सगळे टॅपेट म्हणत होते तो आवाज विजेचा होता.

यातली साखळी समजून घ्या, कारण ती कळली की बाकीची बिलं आपोआप वाचता येतात. स्पार्क प्लग झिजले की दोन टोकांमधली फट वाढते. फट वाढली की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. चढावर इंजिनवर भार येतो, सिलिंडरमधला दाब वाढतो, मग आणखी जास्त लागतं. हे हजारो व्होल्ट पंधरा वर्षांच्या, तडा गेलेल्या वायरीत मावत नाहीत. वर पावसाळी ओल. वीज सोपी वाट शोधते आणि प्लगकडे जाण्याऐवजी बाहेरच्या बाहेर उडते. तो सिलिंडर पेटतच नाही. गाडी 'मिसिंग' करते, म्हणजे झटका. झटक्याने इंजिन हलतं, त्याच्या माउंटिंगचं रबर जुनं झालेलं, म्हणजे धप्प. तीन लक्षणं, मूळ एक. मी तीन रोग समजून तीन ठिकाणी फिरलो.

आणि तो पी०१७१? सिलिंडर पेटला नाही की त्यातली हवा, न वापरलेल्या ऑक्सिजनसकट, एक्झॉस्टमध्ये जाते. सेन्सरला तिथे जास्त ऑक्सिजन दिसतो. सेन्सर बिचारा खरं तेच सांगत होता: "इथे ऑक्सिजन जास्त आहे." त्याला बदलून टाकलं. निरोप आवडला नाही म्हणून पोस्टमन बदलला! कॉम्प्युटरने तो निरोप खरा मानून पेट्रोल वाढवलं, मायलेज पंधरावरून बारावर आलं, आणि ते पाप ई२० च्या माथी गेलं. शिवाय न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि त्याला भाजून काढतं. आणखी दोन महिने 'बघू' म्हटलं असतं तर तो गेला असता, आणि त्याचं बिल या सगळ्यांच्या बेरजेपेक्षा मोठं असतं.

मामांचं बिल: बघायचे ३००, वायरींचा सेट १,१५०, चार प्लग ५६०, मजुरी २५०. एकूण २,२६०.

आता खरा मुद्दा. इथपर्यंत वाचून कोणी 'जुनं ते सोनं, हल्लीच्या पोरांना काही येत नाही' असं म्हणणार असेल तर कृपया थांबा. मामांकडेही स्कॅनर आहे, ते तो लावतात. फक्त त्याचं म्हणणं ते साक्ष म्हणून ऐकतात, निकाल म्हणून नाही. आणि पहिल्या गॅरेजवाला चोर होता असंही मला वाटत नाही. वर्कशॉपमधला अॅडव्हायझर तर मुळीच नाही. त्यांची बिलं काढून परत वाचली तेव्हा मला वेगळंच दिसलं. प्रत्येक ओळ एका वस्तूची किंवा काढण्या-बसवण्याची होती. 'विचार केला', 'तपासलं आणि पंप ठीक निघाला' अशी ओळ कुठेच नव्हती. असूच शकत नाही. कारण ती ओळ असती तर मी भांडलो असतो.

कल्पना करा. पहिल्या गॅरेजवाल्याने पंपाला प्रेशर गेज लावून तासभर घालवला असता आणि म्हणाला असता, "पंप ठीक आहे, साहेब. पाचशे रुपये." मी दिले असते? हसत? छे. "अरे, केलंस काय तू?" हेच विचारलं असतं. तेच ६,८०० चा पंप बसवून, जुना पंप पिशवीत घालून हातात दिला, की मी खूश. पिशवीत काहीतरी आहे ना! आपल्याला निदान नको असतं, आपल्याला पिशवी हवी असते.

मग गॅरेजवाला काय करणार? तपासण्यात गेलेला वेळ त्याच्या खिशातून जातो, अंदाजाने बदललेला पार्ट माझ्या खिशातून. अंदाज चुकला तरी त्याचा तोटा शून्य. वर "कळत नाही, दोन दिवस ठेवा" म्हणाला तर आपण त्याला अडाणी ठरवून पुढच्या गॅरेजला जाणार. म्हणजे प्रामाणिकपणाला दंड आणि ठोकून दिलेल्या अंदाजाला बक्षीस, अशी व्यवस्था आपणच बांधली. नंतर "मुंबईत चांगला मेकॅनिक मिळत नाही" म्हणून रडायलाही आपणच.

डॉक्टरांच्या बाबतीत हेच करतो आपण. तपासून "काही नाही, दोन दिवस आराम करा" म्हणाले तर फी देताना हात जड होतो. इंजेक्शन दिलं की वसूल. आणि आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांनी तर बोलूच नये. रात्री दोनला सर्व्हर बसला की रीस्टार्ट. परत बसला, परत रीस्टार्ट. मूळ कारण शोधायला चार दिवस द्या म्हटलं की मॅनेजर विचारतो, "चार दिवसांनी डिलिव्हर काय होणार?" मी त्या मॅनेजरला वर्षानुवर्षं मनात शिव्या दिल्यात. मुलुंडच्या गल्लीत मीच तो मॅनेजर निघालो.

"पण गॅरेजवाला तीनशे घेऊनही काहीच न बघता पार्ट बदलेल तर?" बदलेल की. म्हणून पैशांसोबत एक प्रश्नही द्यायचा असतो: "कशावरून?" पंप गेलाय, कशावरून? टॅपेट आहे, कशावरून? ज्याने तपासलंय तो दोन वाक्यांत सांगतो. ज्याने तपासलं नाही तो म्हणतो, "वीस वर्षांचा अनुभव आहे, साहेब." तिथून निघायचं.

आणि आपल्या बाजूचं थोडं काम आपणही करायचं. गॅरेजला जाण्याआधी एवढं बघून, लिहून घेऊन जा:

१. उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये रेस वाढवा. आवाज रेससोबत वाढला तर तो इंजिनाकडचा. उभ्या गाडीत नाही पण वेगासोबत घूं घूं वाढतं, तर चाकाचं बेअरिंग किंवा टायर.

२. स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू निघताना कट-कट-कट आलं तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट. खड्ड्यात खट् आलं तर सस्पेन्शनचं लिंक नाहीतर बुश. सकाळी स्टार्टला किर्र आलं तर बहुतेक बेल्ट.

३. झटक्याच्या वेळी रेस आणि वेग वेगवेगळे वागतात की एकत्र अडखळतात? क्लच की मिसिंग, ते इथेच बरंचसं ठरतं.

४. गिअर, चढ, गार की गरम, पाऊस, टाकीत पेट्रोल किती. निदान दहा नोंदी. एका नोंदीवरून काढलेला निष्कर्ष म्हणजे पत्रिका.

५. आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा, दुसऱ्या कोणाला गाडी चालवायला लावून.

यातून तुम्ही मेकॅनिक होणार नाही. फक्त समोरच्याला अंदाज ठोकायला जागा कमी राहील.

ऑक्टोबरमध्ये गाडी पास झाली, आणखी पाच वर्षांची सोय. त्याआधी मामांना म्हटलं, "ते धप्प अजून थोडं येतं, माउंटिंगही बदलून टाकू का?" त्यांनी खालून वाकून, टॉर्च मारून, लांब स्क्रू ड्रायव्हरने दाबून बघितलं. म्हणाले, "रबर दबलंय, फाटलं नाही. पुढच्या पावसाळ्यापर्यंत हात लावू नका." माझ्या खिशातून निघू पाहणारे अडीच हजार त्यांनी परत आत ढकलले.

"बघायचे किती झाले?" मी विचारलं.

"तीनशे."

दिले. या वेळी "नुसतं" म्हणालो नाही. असो.